भाराभर चिंध्या नकोत: समन्वित मानसोपचाराची बांधणी

"झोप लागत नाही. छातीत धडधडतं. आईचा फोन आला की हात गार पडतात. आणि हल्ली कशातच मन लागत नाही." समोरची व्यक्ती हे एका दमात सांगते आणि थेरपिस्टच्या डोक्यात चार पद्धती एकदम जाग्या होतात. धडधडीसाठी श्वासाचं काहीतरी, झोपेसाठी वर्तनोपचार, आईसाठी नात्यांचा इतिहास, उदासीसाठी विचारांच्या नोंदी. शिकताना पद्धती एकेक करून शिकवल्या जातात, पण माणसं तशी सुटी सुटी होऊन येत नाहीत.

इथे नवे थेरपिस्ट दोन प्रकारे चुकतात. काही जण स्वतःला येणारी एकच पद्धत सगळ्यांना लावतात. काही जण पहिल्या सेशनला नोंदवही देतात, दुसऱ्याला ध्यान शिकवतात, तिसऱ्याला रिकामी खुर्ची मांडतात आणि चौथ्याला बालपण उकरतात. पहिली चूक लवकर उघडी पडते. दुसरीला 'होलिस्टिक' असं गोंडस नाव मिळतं, म्हणून ती जास्त काळ टिकते. एक ना धड, भाराभर चिंध्या. समग्र उपचारात सगळं विचारायचं असतं, सगळ्याची नोंद घ्यायची असते. करायच्या मात्र एका वेळी एक-दोनच गोष्टी, आणि त्या का करतोय हे क्लायंटला साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

घर कुठलं, पाहुणा कोण

समन्वयाचे, म्हणजे वेगवेगळ्या उपचारपद्धती एकत्र वापरण्याचे, ढोबळ चार रस्ते आहेत. पहिला तंत्रांचा. तंत्र कुठल्या सिद्धान्तातून आलं याची फिकीर न करता ज्या अडचणीवर जे चालतं ते वापरायचं. आर्नल्ड लाझारस यांनी याची शिस्तशीर रीत बसवली. दुसऱ्या रस्त्यावर सिद्धान्तच एकमेकांना जोडले जातात. पॉल वाख्टेल यांनी १९७७ मध्ये मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार यांचा सांधा जुळवून दाखवला, अँथनी राइल यांनी कॉग्निटिव्ह अ‍ॅनालिटिक थेरपी उभी केली. तिसरा समान घटकांचा. सगळ्या पद्धतींत जे सारखं असतं, म्हणजे विश्वासाचं नातं, त्रासाचा पटणारा अर्थ, आशा, त्यावर भर द्यायचा. सोल रोझेनझ्वाइग यांनी हा मुद्दा १९३६ मध्येच मांडला आणि जेरोम फ्रँक यांनी १९६१ मध्ये तो विस्ताराने लिहिला. चौथा रस्ता सामावून घेण्याचा. एक पद्धत आपलं घर मानायची आणि बाकीच्यांतून एखादं तंत्र पाहुणा म्हणून आणायचं.

पहिली पाच-सहा वर्षं तरी चौथा रस्ता धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण व्यावहारिक आहे. सेशन फसतं तेव्हा उभं राहायला जमीन लागते. घर सीबीटीचं (विचार आणि वागणं तपासून बदलणारी पद्धत) असेल, विवेकनिष्ठ पद्धतीचं असेल, व्यक्तिकेंद्री असेल किंवा मनोगतिक (मनात नकळत चालणाऱ्या संघर्षांवर काम करणारं), ते एक असावं आणि त्यात सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन, घेतलेलं असावं. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकलेलं तंत्र पाहुणाच राहतं, त्याच्या भरवशावर घर चालवता येत नाही.

पाहुणं तंत्र आणलं की त्याचा अर्थ बदलतो, हेही ध्यानात ठेवावं. दोन खुर्च्यांचं काम, म्हणजे क्लायंटने खुर्ची बदलत मनातल्या दोन बाजूंनी आळीपाळीने बोलणं, गेस्टाल्ट या पद्धतीत दबलेल्या भावनेला वाट देण्यासाठी आहे. सीबीटीच्या घरात तेच काम 'मी निकामी आहे' या समजुतीला बोलतं करून तपासण्यासाठी वापरता येतं. दोन्ही चालतं. पण आपण यातलं काय करतोय हे आधी ठरलं नसेल तर क्लायंट रडायला लागल्यावर थेरपिस्ट गडबडतो. थांबवून पुरावा विचारायचा की रडू द्यायचं? म्हणून तंत्र उसनं घेण्याआधी वहीत तीन ओळी लिहाव्यात: हे कशासाठी, लागू पडलं तर काय दिसेल, उलटलं तर काय करणार. तिसरी ओळ सुचत नसेल तर त्या दिवशी ते तंत्र बाजूला ठेवावं.

पहिल्या दोन भेटी

पहिल्या ५० मिनिटांतली सुरुवातीची १५-२० मिनिटं क्लायंटची. प्रश्नावली नको, फॉर्म नको. "काय झालं म्हणून यावंसं वाटलं, आणि आत्ताच का?" एवढं विचारून ऐकायचं. यातला दुसरा प्रश्न सोडू नका. त्रास अनेकदा वर्षांचा असतो, येणं मात्र या आठवड्यातलं, आणि त्या दरम्यान जे घडलं त्यात बरंच काही दडलेलं असतं.

त्यानंतर लाझारस यांचे सात खाने कामाला येतात. वागणं: त्रासामुळे काय करणं सोडलं, काय जास्त करायला लागलात? भावना: दिवसात कुठली भावना सर्वांत जास्त वेळ असते? शरीराच्या संवेदना: धडधड, मुंग्या, पोटात गोळा, डोकं जड होणं. मनातली चित्रं: डोळ्यांसमोर वारंवार काय येतं? विचार: स्वतःला काय म्हणता? माणसं: कुणाजवळ बरं वाटतं, कुणाजवळ आक्रसल्यासारखं होतं? आणि सातवा खाना शरीरस्वास्थ्याचा: औषधं, आजार, झोप, भूक, हालचाल, दारू, तंबाखू, इतर नशा.

चित्रांचा खाना नवे लोक हमखास विसरतात. विचारांच्या नोंदीत "आईला काही झालं तर" एवढंच येतं. चित्राबद्दल विचारलं की रुग्णालयाचा लांबलचक बोळ आणि बंद दार समोर येतं. भीती त्या दाराला चिकटलेली असते.

सातव्या खान्यात घाई झाली तर महागात पडते. थायरॉइडचं काम वाढलं की धडधड, घाम, बेचैनी येते. कमी झालं की थकवा आणि उदासी. रक्तात हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल तरी थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं दिसतं. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर सकाळचं जडपण उदासीसारखंच भासतं. म्हणून वर्षभरात वैद्यकीय तपासणी झाली नसेल तर ती आधी, आणि थेरपी तिच्या सोबतीने. धडधडीबरोबर छातीत दाब, चक्कर येऊन पडणं किंवा हात-जबड्यात कळ असेल तर सेशन बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरकडे पाठवावं.

मोजमाप पहिल्याच भेटीत सुरू करावं. उदासीसाठी पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, एकूण ० ते २७. ५, १०, १५ आणि २० या पायऱ्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र असे टप्पे धरतात. चिंतेसाठी जीएडी-७: ० ते २१, पायऱ्या ५, १० आणि १५. हे निदान नव्हे, ताप मोजण्यासारखं आहे. पण पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न, मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का हा, क्लायंट खोलीत असतानाच पाहायचा. फॉर्म फाइलमध्ये सरकवून संध्याकाळी वाचणं ही गंभीर चूक आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर सरळ विचारावं: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं हे ठरवलंय का? त्यासाठी काही जवळ ठेवलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

धोका दिसला तर बाकी सगळं थांबवून सुरक्षा योजना कागदावर करायची, क्लायंटच्या हस्ताक्षरात. त्यात सहा गोष्टी येतात. वादळ येतंय हे कशावरून कळतं. एकट्याने करता येण्याजोगं काय. कुठल्या जागी, कुणाच्या सोबतीत मन दुसरीकडे वळतं. कुणाकडे उघड मदत मागता येईल. कुठल्या तज्ज्ञाचा आणि हेल्पलाइनचा नंबर. आणि इजेची साधनं घरातून दूर कशी करायची, कोण करेल. शेवटची गोष्ट बोलायला अवघड जाते म्हणून सुटते, आणि जीव वाचवण्यात तिचा वाटा मोठा असतो. योजना तयार झाली तरी त्या दिवशीच जिवाला धोका वाटत असेल तर क्लायंटला एकटं सोडू नये. घरच्यांना किंवा विश्वासातल्या माणसाला बोलवावं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा तातडीच्या विभागात पोहोचवावं.

सात खाने भरण्याच्या नादात उलटतपासणी होऊ देऊ नका. पहिल्या भेटीत चार भरले तरी पुष्कळ झाले.

एका पानाचं फॉर्म्युलेशन

जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये शरीर, मन आणि समाज एकत्र पाहण्याचा आराखडा मांडला. तो सगळे मान्य करतात आणि बरेच जण त्याचे तीन रकाने भरून फाइल बंद करतात. रकान्यांनी काही होत नाही, त्यांच्यात बाण हवेत. कशामुळे काय वाढतं, हे दिसलं पाहिजे.

फॉर्म्युलेशन म्हणजे त्रास कसा उभा राहिला आणि कशामुळे चालू राहतो याची मांडणी. तिच्यासाठी एका पानावर पाच गोष्टी लिहाव्यात: आत्ताचा त्रास, आधीपासूनची कच्ची जागा, ठिणगी कशाने पडली, त्रास चालू कशामुळे राहतो, आणि काय सावरून धरतं. चौथीला निम्मं पान द्यावं. कच्ची जागा आणि ठिणगी होऊन गेलेल्या असतात. चालू ठेवणाऱ्या गोष्टी आजच्या असतात, म्हणून तिथेच हात घालता येतो.

कल्पित उदाहरण घेऊ. ३२ वर्षांची, हिशेबाचं काम करणारी बाई. दहा महिन्यांपूर्वी आईची मोठी शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून मोबाइल उशाशी, रात्री तीन-चारदा जाग, दिवसा धडधड. जिने चढणं सोडलं, नाडी दिवसातून अनेकदा तपासते. डॉक्टरांनी हृदय आणि थायरॉइड तपासून ठीक म्हटलंय. पीएचक्यू-९ वर १३, जीएडी-७ वर १६. तिला परत सांगायचं फॉर्म्युलेशन असं असेल:

"फोन वाजला की वाईट बातमी असणार असं वाटतं आणि धडधड सुरू होते. धडधडलं की हृदयालाच काही झालंय असं वाटतं, म्हणून तुम्ही बसून घेता, नाडी पाहता. बसल्यावर बरं वाटतं, त्यामुळे 'बसले म्हणून वाचले' हे पक्कं होत जातं. रात्री मोबाइल उशाशी असतो, त्यामुळे झोप हलकी राहते, आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी धडधड लवकर होते. लहानपणापासून घरातलं सगळं आपण सांभाळायचं अशी सवय आहे, त्यामुळे फोन बंद करणं म्हणजे आईला सोडून दिल्यासारखं वाटतं. यात काय चुकतंय माझं?"

शेवटचा प्रश्न नुसता शिष्टाचार म्हणून विचारायचा नाही, खरंच विचारायचा. क्लायंट "हो, हो" म्हणत राहिला तर फॉर्म्युलेशन लागलेलं नाही. "हो, पण फोनचं तसं नाही, आई चिडते याची भीती वाटते," असं काही आलं की समजावं, आता दोघं मिळून काम करतायत. पानावर लगेच खाडाखोड करा, तिच्या देखत.

कुठून हात घालायचा

साधारण क्रम असा: आधी सुरक्षितता, मग झोप आणि दिवसाची घडी, मग भीतीपोटी टाळलेल्या गोष्टी, मग विचार-भावना, आणि शेवटी नात्यांचे जुने साचे. याला कारण आहे. चार तास झोपलेल्या माणसाला विचार तपासणं जमत नाही, भावना पेलवत नाहीत, आणि ते जमलं नाही की "मला थेरपीसुद्धा जमत नाही" ही नवी भर पडते. झोप दोन-तीन आठवड्यांत हलू शकते आणि तेवढ्याने बाकी कामाला बळ येतं.

झोपेसाठी आधी एक-दोन आठवड्यांची डायरी: किती वाजता पडलात, अंदाजे किती वाजता लागली, किती वेळा जाग, किती वाजता उठलात. मग नियम थोडेच, पण कडक. उठण्याची वेळ आठवड्याचे सातही दिवस एकच. अंथरूण झोपेसाठी, मोबाइलसाठी नाही. अंदाजे २० मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. घड्याळाकडे पाहायचं नाही. तरी झोपेचा वेळ अंथरुणातल्या एकूण वेळेच्या ८५ टक्क्यांहून कमीच राहिला तर अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आवळतात, पण पाच तासांच्या खाली नेत नाहीत. बायपोलर आजार किंवा अपस्मार असेल, अथवा कामात वाहन किंवा धोक्याचं यंत्र चालवायचं असेल, तर हे आवळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये; झोप कमी झाल्याने उन्माद किंवा झटका येऊ शकतो.

क्रमाला अपवाद आहेत. ताजं दुःख असेल, माणूस गेला असेल, तर सुरुवातीचे आठवडे तंत्र नकोच. सोबत हेच काम. क्लायंट अजून "बदलावं की नाही" या उंबरठ्यावर असेल तर कृतीचा गृहपाठ देऊन उपयोग नाही. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांनी बदलाच्या टप्प्यांची मांडणी केली ती याचसाठी: उंबरठ्यावरच्या माणसाशी दारू सोडण्याची तारीख ठरवायची नसते, ती त्याला काय देते आणि काय हिरावते हे बोलायचं असतं. आणि गंभीर आघाताच्या इतिहासात आठवणींना हात लावण्याआधी स्थैर्य हवं. जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेला सुरक्षितता, आठवण व शोक, आणि पुन्हा जगाशी जोडून घेणं हा क्रम आजही कामाचा आहे. तो आघातग्रस्ताला वर्षभर नुसतं 'स्थिर' करत बसण्याचा परवाना मात्र नव्हे.

एकमेकांना छेद देणारी तंत्रं

समन्वित कामातले सर्वांत मोठे घोटाळे इथे होतात. दोन तंत्रं वेगवेगळी चांगली असतात, एकत्र आली की एकमेकांचं काम बुडवतात.

श्वास घ्या. मंद श्वास, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, मिनिटाला साधारण सहा, हे ताण उतरवायला उत्तम. पण वरच्या उदाहरणातल्या बाईला धडधडीचीच भीती आहे. तिला शिकायचंय की धडधड झाली तरी काही होत नाही. त्यासाठी मुद्दाम धडधड आणायची: जागच्या जागी एक मिनिट धावणं, खुर्चीत एक मिनिट गोल फिरणं, नळीतून मिनिटभर श्वास घेणं. (हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांची परवानगी आधी.) नेमक्या त्या वेळी तिने मंद श्वास सुरू केला तर ती शिकते, "श्वास घेतला म्हणून वाचले." नाडी पाहणं गेलं आणि त्याच्या जागी श्वास मोजणं आलं, एवढाच फरक पडला. म्हणून श्वसन द्यायचं तर झोपेआधी, दिवसातून दोनदा दहा मिनिटं, ठरल्या वेळी. भीतीला सामोरं जाताना नाही.

तंत्र उलटण्याचं आणखी एक साधं कारण 'खोल श्वास' हा शब्द. लोक तो मोठा आणि भराभर घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि पॅनिक सुरू झालं असं वाटतं. 'खोल' म्हणू नका, 'सावकाश' म्हणा. काहींना शिथिल झाल्यावरच घाबरायला होतं, कारण सावध राहणं हाच त्यांचा आधार असतो. त्यांना डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून, दोन मिनिटांपासून सुरुवात करू द्यावी. हीच सावधगिरी ध्यानाबाबत. आघाताचा इतिहास असलेल्याला डोळे मिटून शरीरभर लक्ष फिरवायला सांगितलं की तो सुन्न होऊ शकतो किंवा जुन्या प्रसंगात जाऊन पडतो.

दुसरा छेद विचारांबाबत. एका आठवड्यात "या विचाराला पुरावा काय?" आणि पुढच्या आठवड्यात "विचाराशी भांडू नका, येऊ द्या, जाऊ द्या." क्लायंटला कळत नाही की विचार शत्रू आहे की ढग. दोन्ही वापरायचं असेल तर वाटणी सांगून टाका: ज्या विचाराचा निकाल माहिती मिळवून लागू शकतो तो तपासायचा ("बॉस मला काढणार आहे"); ज्याचा निकाल कधीच लागणार नाही तो सोडून द्यायला शिकायचं ("मी पुरेशी चांगली मुलगी आहे का?").

तिसरा छेद दिलाशाचा. मंत्रचळेपणात, म्हणजे ओसीडीमध्ये, प्रेमळ थेरपिस्टने "नाही हो, असं काही होणार नाही" म्हटलं की ते आणखी एक कर्मकांड होऊन बसतं. क्लायंट ते ऐकायलाच येऊ लागतो. इथे ऊब नात्यात द्यायची, खात्री द्यायची नाही.

आणि उशी बडवून राग 'बाहेर काढणं' तर बंदच करावं. राग आठवत आठवत बडवल्याने तो शमत नाही, उलट त्याचा सराव होतो.

दर सेशनची घडी

पहिली पाच मिनिटं मोजमाप आणि मागच्या आठवड्याची चौकशी, पुढची पाच-दहा गृहपाठ, मधली २५ मुख्य काम, पाच मिनिटं काय ठरलं ते क्लायंटच्या तोंडून, आणि शेवटची पाच "आज कसं वाटलं?" तीव्र भावनेचं काम चाळिसाव्या मिनिटानंतर सुरू करू नये. उघडलेलं मिटवायला वेळ उरत नाही आणि माणूस तसाच रस्त्यावर जातो.

सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन यांच्या गटाचे दोन छोटे फॉर्म सोयीचे आहेत. प्रत्येकात दहा सेंटिमीटरच्या चार रेषा, क्लायंट खूण करतो, पट्टीने मोजायचं, बेरीज ४० पैकी. सेशनच्या सुरुवातीचा फॉर्म आठवडा कसा गेला ते सांगतो. प्रौढांत २५ च्या खाली असेल तर त्रास लक्षणीय धरतात. शेवटचा फॉर्म सेशन कसं वाटलं ते सांगतो, ३६ च्या खाली आलं तर विचारावं, "आज काय राहून गेलं?" आदरापोटी सगळे ४० देणारे क्लायंट असतातच. त्यांना आधीच सांगून ठेवावं की पूर्ण गुण आमच्या काहीच कामाचे नाहीत, अर्धा सेंटिमीटर कमी असेल तर तो कशाचा एवढंच हवंय.

नात्यात खोट आली की

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचाराच्या नात्याचे तीन धागे सांगितले: उद्दिष्टावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि जिव्हाळा. समन्वित कामात दुसरा धागा आधी तुटतो, कारण कामं बदलत राहतात. तुटल्याचं दोन तऱ्हांनी दिसतं. क्लायंट एकतर उघड नाराजी दाखवतो किंवा गप्प मागे सरकतो: उशीर, "ठीक आहे" म्हणणं, गृहपाठ न करणं. दुसरी तऱ्हा जास्त घातक, कारण ती सभ्य दिसते.

समजा सलग तिसऱ्या आठवड्यात आपल्या उदाहरणातली बाई म्हणते, "नोंदी झाल्या नाहीत, वेळच मिळाला नाही."

थेरपिस्टला लगेच वाटतं, हे तंत्र हिला लागू पडत नाही, दुसरं काढूया. इथेच थांबायचं. तंत्र बदलावंसं वाटण्याचं कारण नव्वद टक्के वेळा फॉर्म्युलेशनमध्ये नसून थेरपिस्टच्या अस्वस्थतेत असतं, असं आम्ही धरून चालतो. त्याऐवजी:

"तीन आठवडे झाले. मला वाटतंय, मी तुमच्यावर अभ्यास लादतोय की काय. नोंदवही पाहिली की काय वाटतं?"

"खरं सांगू? शाळेत गेल्यासारखं. चुकलं तर तुम्ही काय म्हणाल असं वाटतं."

"म्हणजे मी तपासणारा झालो. ते माझ्याकडून झालं, दर वेळी पहिला प्रश्न मी नोंदींचाच विचारतो. बरं झालं सांगितलंत."

आणि मग थोडं थांबून: "चुकलं तर कोण काय म्हणेल, हे आणखी कुठे वाटतं?"

शेवटचा प्रश्न आधी विचारला असता तर तो आरोप झाला असता. आपला वाटा आधी, साचा नंतर. याच दहा मिनिटांत आईचा विषय आपोआप खोलीत येतो, आणि दोन खुर्च्यांच्या कामाला आता कारण मिळतं. एका खुर्चीत "सगळं तूच सांभाळायचंस" म्हणणारा आवाज, दुसरीत दमलेली ती. दर दोन-तीन मिनिटांनी खुर्ची बदलायची, टीकेचा आवाज नेमकं वाक्य बोलेपर्यंत थांबायचं, आणि मग दुसरीला विचारायचं: "हे ऐकून आत काय होतं? तुला काय हवंय?" समजुतीची घाई केली तर ती आज्ञाधारकपणे माफ करून टाकते आणि घरी जाऊन पुन्हा फोन उशाशी ठेवते.

हलत नसेल तेव्हा

केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जुन्या अभ्यासांतली आकडेवारी एकत्र केली तेव्हा आठव्या सेशनपर्यंत निम्म्या आणि २६ व्यापर्यंत सुमारे ७५ टक्के लोकांत मोजता येईल अशी सुधारणा दिसली. पीएचक्यू-९ वर पाच गुणांचा उतार अर्थपूर्ण धरतात. सहा सेशनांनंतरही आकडा जागचा हलला नसेल तर या क्रमाने पाहा: नातं ठीक आहे का; ठरलेलं काम पुरेसं झालं का (आठवड्यातून एकदा भीतीला सामोरं जाणं पुरत नाही); फॉर्म्युलेशनमध्ये एखादा बाण राहिला का, जसं लपवलेली दारू, घरातली मारहाण, कर्ज; शरीराचं काही निसटलं का. तंत्र बदलण्याचा विचार सगळ्यात शेवटी. घरात हिंसा चालू असेल तर क्लायंटची चिंता 'अतिरेकी' नाहीच, आणि विचार तपासायला लावणं हा क्लायंटवर अन्याय होईल.

डॉक्टर आणि औषधं

क्लायंट मानसोपचारतज्ज्ञाकडे जात असेल तर लेखी संमती घेऊन त्यांच्याशी बोला, अर्ध्या पानाचं पत्रही पुरतं. उदासीवरच्या एसएसआरआय औषधांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा ते आठ लागतात. ती अचानक थांबवली की चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. डोसबद्दल मत देणं आपलं काम नाही, "बरं वाटतंय म्हणून सोडलं" हे वेळेवर ऐकणं मात्र आहे. भीतीला सामोरं जाण्याआधी झटपट शांत करणारी गोळी घेतली तर शिकणं पातळ होतं. हे डॉक्टरांशी मिळून ठरवावं. 'नैसर्गिक' गोळ्यांबद्दलही नाव घेऊन विचारा. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती एसएसआरआयबरोबर घेतली तर सेरोटोनिन हे शरीरातलं रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते.

निरोप

आकडे खाली येऊन चार-सहा आठवडे टिकले की सेशनं पंधरवड्याला, मग महिन्याला. शेवटच्या तीन भेटींत नवं तंत्र आणू नका. एका कागदावर क्लायंटनेच लिहावं: त्रास परत येतोय याच्या पहिल्या तीन खुणा, त्या दिसल्या तर पहिल्या आठवड्यात काय करायचं, आणि किती दिवसांत सुधारलं नाही तर फोन करायचा. आपल्या उदाहरणातली बाई लिहील: मोबाइल पुन्हा उशाशी आला, लिफ्टची वाट पाहायला लागले, नाडीकडे हात गेला. उपाय: मोबाइल दुसऱ्या खोलीत, रोज तीन मजले जिन्याने, उठण्याची वेळ एकच. दोन आठवडे. कागदाचा एक फोटो तिच्याकडे, एक प्रत फाइलमध्ये.